चौदा पानं आणि शेवटची पंगत

पत्राचा सारांश : मी ठाण्यात राहते, नोकरी करते. सासर मालवण तालुक्यातलं. दर मे महिन्यात आम्ही आठवडाभर गावी जातो. त्याच दिवसांत दोन दीर, नणंद आणि त्यांची कुटुंबंही येतात. सगळी मिळून चौदा माणसं. पाळायचे वार सोडले तर रोज मासे लागतात, तेही सुरमई, पापलेट, कोळंबी. यजमान बाजारातून मासे आणून देतात, पुढचं सगळं माझ्याकडे, कारण मी थोरली सून. मासे मला जिवापाड आवडतात, पण मी जेवायला बसते तेव्हा तुकड्या गार झालेल्या असतात. गेल्या वर्षी घरापासून दहा मिनिटांवरचा समुद्र मी एकदाच पाहिला. यंदा दोन दिवस बाहेर जेवू या म्हटलं, तर सासूबाई (वय 74) फोनवर म्हणाल्या, “पावणे काय खानावळीत जेवूक गावाक येतत?” त्यात पुतण्याचं नुकतंच लग्न झालंय आणि नव्या सुनेला कोळंबीची ॲलर्जी आहे. सासूबाईंना ते पटत नाही, “वायच (थोडंसं) खाल्ल्यान तर काय होता?” म्हणतात. यजमान म्हणतात, “तू आईशी बोलून घे.” रजा मिळत नाही असं सांगून यंदा जाणंच टाळावं, की इथल्या स्वयंपाकाच्या मावशींना सोबत न्यावं?

नमस्कार ताई,

तुम्ही दोन वाटा विचारल्यात आणि मला दोन्ही पटत नाहीत, हे आधीच सांगून टाकते. रजेची थाप एका वर्षापुरती चालेल. पुढच्या मे महिन्यात पुन्हा तेच, आणि यंदाचे मासे गेले ते गेलेच. मावशींना नेण्याचं तर मनातही आणू नका. परक्या घरात, सासूबाईंच्या नजरेखाली, तिरफळं कधी घालायची आणि किती ठेचायची याच्या सूचना ऐकून त्या बाई दोन दिवसांत रडकुंडीला येतील. मग चौदाच्या जागी पंधरा माणसांची समजूत काढायचं काम तुमच्याकडे येईल.

पत्र मी दोनदा वाचलं. त्यात तुमचे यजमान दोन ठिकाणी आहेत, एकदा मासे आणताना आणि एकदा “तू बोलून घे” म्हणताना. दीर, नणंदेचे यजमान, पुतण्या, मोठी झालेली मुलं हे सगळे फक्त पानांच्या संख्येत आहेत. चौदा माणसांतली निदान नऊ-दहा तरी धडधाकट असतील, आणि त्यातल्या एकाचाही हात तव्याला लागल्याचा उल्लेख नाही. मासे तुम्हाला आवडतात, माणसं आवडतात, गावचं घरही आवडतं. खुपतं ते शेवटच्या पंगतीला बसणं. मग आपण त्या पंगतीचंच काहीतरी करू या.

आधी एक विचारते. रोज सुरमई-पापलेटच हवं, हे नक्की कोण म्हणालं? बहुतेक घरांत हे कोणीच म्हटलेलं नसतं. पाहुणा आला की मोठा मासा आणायचा ही यजमानाची हौस. पाहुणा पानात आलेलं खातो, छान म्हणतो, आणि पुढच्या वर्षी तेच पुन्हा होतं. तुमच्या नणंदेला एकदा खासगीत विचारून बघा, लहानपणी मे महिन्यात काय खायचात. ती सुरमईचं नाव घेईल असं मला वाटत नाही. पेज आणि भाजलेला सुका बांगडा म्हणेल, नाहीतर तारल्यांचं तिखलं.

दुसरं म्हणजे मे महिना हा मोठा मासा घ्यायला अडचणीचाच. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. त्याआधीच्या पंधरवड्यात गावं चाकरमान्यांनी आणि पर्यटकांनी भरून वाहत असतात. हॉटेलवाले सकाळीच चांगला माल उचलतात आणि राहिलेली सुरमई सांगतील त्या भावात तुमच्या यजमानांच्या पिशवीत येते. पापलेटची आवक तर वर्षानुवर्षं घटतेय. 2023 साली त्याला राज्य माशाचा दर्जा दिला तो त्याला जपायची वेळ आली म्हणूनच. तळहाताहून लहान पापलेट टोपलीत दिसलं तर ते घेऊच नका. अंडी घालायच्या वयाला येण्याआधीच ते जाळ्यात सापडलेलं असतं.

आणि सुरमईच खायची, तर ती ठाण्यालाही मिळते. बर्फात नीट ठेवली की ती प्रवास सोसते. बारीक तेलकट माशाला ते झेपत नाही. तारले, पेडवे, बांगडे पाण्यातून काढल्यापासून तासागणिक उतरत जातात, ठाण्यात येईपर्यंत त्यांची निम्मी चव गेलेली असते. त्यामुळे किनाऱ्यावर गेल्यावर जे आपल्या गावापर्यंत धड पोचत नाही ते खावं, असं माझं सरळ मत आहे. बाजारात “सुरमई कशी दिली?” असं विचारण्याऐवजी “आज काय आलंय?” असं विचारायला यजमानांना सांगा. बांगडे, तारले, मुडदुशी, लेपी, असतील त्याचे वाटे घ्यायचे. ते चौदा माणसांना पुरतात, खिशालाही सोसतात. कल्ले उघडून बघायचे, लालभडक हवेत, डोळा फुगीर हवा, बोट दाबलं तर खळगा राहता कामा नये. साफ करून देणाऱ्या बायका बाजारातच बसतात. त्यांना त्यांचे पैसे द्या आणि मासे साफ करूनच घरी आणा, हा यजमानांसाठी नियम. खवल्यांची पिशवी तुमच्या ओट्यावर येता कामा नये.

आता तव्याचा हिशोब मांडू. चौदा माणसं, माणशी दोन तुकड्या, म्हणजे अठ्ठावीस. मोठ्या तव्यावर एका वेळी सात मावतात. रवा लावलेली सुरमईची तुकडी दोन्ही बाजूंनी नीट व्हायला आठ मिनिटं तरी लागतात. चार घाण्यांना अर्धा तासाच्या वर गेला, तोही मे महिन्याच्या दुपारी, आगीसमोर. तळलेला मासा गरमच वाढायचा असतो, म्हणून तळणारं माणूस पंगतीला बसूच शकत नाही. तुमच्या गार तुकड्यांचं मूळ इथे आहे. सासूबाई कितीही प्रेमळ असल्या तरी हे गणित बदलत नाही.

तेव्हा घरातलं रोजचं तळण बंद. दुपारी एका पातेल्यात होणारं करा. बांगड्याचं तिखलं सकाळी दहाला करून ठेवलं तरी दुपारपर्यंत छान मुरतं. लाल मिरची, तिरफळं, आमसुलं, हवं तर थोडं ओलं खोबरं, पातेलं एकदा उतरवलं की काम संपलं. बरोबर भात आणि सोलकढी. ज्या दिवशी सोलकढी त्या दिवशी नारळाचं दुसरं काही नको, नाहीतर रोज चार-पाच नारळ खवण्यातच सकाळ जाते. खवायला कॉलेजातल्या मुलांना बसवा. विळीवर नारळ खवणं ही त्यांच्यासाठी नवलाईची गोष्ट असते, पहिले दोन दिवस तरी.

तळायचं ते आठवड्यातून एकदाच, संध्याकाळी, बाहेर खळ्यात. तीन दगडांची चूल किंवा गॅसची शेगडी मांडा, आणि तव्यापुढे दीर, यजमान, पुतण्या. तुम्ही पाटावर बसायचं आणि पहिल्या घाण्यातली तुकडी घ्यायची. मीठ कमी पडलं, रवा जळला, तरी उठायचं नाही. हे सगळ्यात अवघड जाईल, मला ठाऊक आहे.

कोणते वार पाळता ते तुम्ही लिहिलं नाहीत. सोमवार, गुरुवार, शनिवार असे तीन दिवस पाळत असाल तर आठवड्यातले तीन दिवस हाताशी आहेत. पण माझा संशय असा की मासे नाहीत म्हणून त्या दिवशी भरपाईला वडे, घावणे-रस, पुरण असलं काहीतरी आणखी किचकट होत असणार. घावणेही एकेकच निघतात, तव्यापुढे उभं राहणं तेच. त्याऐवजी फणसाची भाजी, काळ्या वाटाण्याचं सांबार, भात, रायवळ आंब्यांचं सासव. फणस चिरायचं काम हातांना तेल लावून पुरुष मंडळींचं. मे महिन्यात घरात आंबा असताना वेगळं गोड करायला लागणं मला तरी समजत नाही, फोडी चिरून ताटात ठेवाव्यात. न्याहारीला उकड्या तांदळाची पेज, लोणचं, मासे चालतात त्या दिवशी भाजलेला सुका बांगडा. पेजेचे तांदूळ रात्रीच निवडून-धुवून ठेवले तर सकाळी जो आधी उठेल तो कुकर लावेल. तो तुम्हीच असायला हवं असं नाही.

आता सासूबाई. त्या खानावळीला नाही म्हणाल्या असं तुम्ही धरून चालला आहात. त्यांचं वाक्य मी पुन्हा वाचलं. पाहुणे आपल्या घरी जेवले पाहिजेत, एवढंच त्यात आहे. वर्षातले अकरा महिने त्या घरात शांतता असते. मे महिन्यात चूल पेटती दिसावी, माणसं मसाल्याची तारीफ करत जेवावीत, यासाठी त्या थांबलेल्या असतात. तुम्ही थेट “बाहेर जेवू या” म्हणालात, त्यांना “तुमच्या घरचं नको” असं ऐकू आलं. पुन्हा फोन करा आणि वेगळ्या ठिकाणाहून सुरुवात करा. एक दिवस त्यांनी खुर्चीत बसून नव्या सुनेला आणि नातवंडांना तिखलं शिकवायचं. एका सकाळी रिक्षा करून त्यांना बाजारात न्यायचं, मासा त्या निवडतील. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला चौदा माणसांचं वाटप (वाटण) वाटायचं नसतं, पण आपल्याला विचारून घर चालतंय हे दिसायला हवं असतं. त्यानंतर बाहेरचं जेवण काढा, आणि तेही घरी मागवायचं म्हणून.

तुमच्या भागात ऑर्डरप्रमाणे घरगुती जेवण करून देणाऱ्या बाया गावोगावी आहेत. आदल्या संध्याकाळी माणसांचा आकडा सांगायचा, मासा कोणता आणि ताट कितीला पडेल हे आधी ठरवायचं, कारण भाव माशाप्रमाणे रोज बदलतो. जेवण तुमच्याच पडवीत, तुमच्याच ताटांत वाढलं जाईल. सासूबाईंच्या ओळखीतली बाई असेल तर आणखी बरं. “अमक्याची सून हल्ली जेवण देते म्हणे, बघूया कसं करते,” असं म्हटलं की त्या स्वतः चव घ्यायला उत्सुक होतील आणि तिच्या वाटपात धने जास्त झालेत हे नक्की सांगतील. सांगू द्या. खानावळीत जायचंच झालं तर रविवार टाळा, दुपारी साडेबाराच्या आत पोचा.

सुनेच्या ॲलर्जीबाबत मात्र मी एवढी नरम नाही. इथे सासूबाईंचं मन राखायचं नाही. कोळंबीत ज्या प्रथिनामुळे ॲलर्जी होते ते शिजवून नाहीसं होत नाही. पहिल्या खेपेला नुसती खाज सुटली म्हणून पुढच्या खेपेलाही तेवढंच होईल असं नाही, घसा सुजून श्वास कोंडू शकतो. “वायच” हा शब्द इथे चालत नाही. शिवाय कोळंबी फक्त कोळंबीच्या कालवणात नसते. जवळा, सुकट, सोडे ही सगळी त्याच कुळातली, आणि गावच्या स्वयंपाकघरात सुकटीची चटणी केव्हा कुठल्या भाजीत पडेल सांगता येत नाही. कुर्ल्या, शेवंडही बाद. कोळंबी तळलेल्या तेलात तिची तुकडी तळायची नाही, तोच झारा वापरायचा नाही. कोळंबीची ॲलर्जी असलेल्या पुष्कळांना बांगडा-सुरमई चालते, पण ते तिच्या डॉक्टरांनी सांगायचं, आपण अंदाज करायचा नाही. सगळ्यात सोपं म्हणजे यंदा घरात कोळंबी आणायचीच नाही. ज्यांना हवी त्यांनी बाहेर खावी. डॉक्टरांनी दिलेलं औषध तिच्या नवऱ्याच्या खिशात असू द्या, ते कुठे आहे हे तुम्हालाही माहीत हवं, आणि ओठ सुजले, आवाज बसला, धाप लागली तर घरगुती उपाय न करता 108 ला फोन. सासूबाईंना हे पुतण्याने सांगायचं, तिचा नवरा म्हणून. नव्या सुनेला स्वतःच्या जेवणासाठी आजेसासूशी वाद घालायला लावू नये आणि तुम्हीही मध्ये पडू नये.

ॲलर्जीवरून एक गोष्ट सगळ्याच वाचकांसाठी लिहिते. उन्हाळ्यात मासे खाऊन तासाभरात तोंड लाल झालं, अंगावर गांधी उठल्या, डोकं ठणकलं, की “मासे बाधले” म्हणतात. बऱ्याचदा मासा उन्हात राहिलेला असतो. बांगडा, तारली, सुरमई, कुपा अशा माशांत गरमीने हिस्टामिन तयार होतं, आणि एकदा झालं की उकळा, तळा, ते जात नाही. मीठ-हळद लावली की मासा टिकतो हा समज निदान मे महिन्यात सोडून द्यावा, कोकमाच्या आगळानेही तो टिकत नाही. बाजारात जाताना थर्माकोलचा डबा आणि बर्फ घेऊन जा, माशाच्या वजनाइतका बर्फ, आणि वितळलेलं पाणी काढून टाकत राहा. तुमच्याकडे मेमध्ये वीज किती जाते ते तुम्ही जाणता, तेव्हा फ्रीजच्या भरवशावर दोन दिवसांचे मासे आणू नका. तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) तर त्याच दिवशी, आणि शिजूनही तोंड न उघडलेल्या टाकून द्यायच्या.

आता यजमान. “तू आईशी बोलून घे” याला उत्तर एवढंच, की आई त्यांची आहे, भाऊ त्यांचे आहेत. कोणत्या दिवशी कोणाकडे स्वयंपाकघर, हे भावांच्या ग्रुपवर त्यांनी टाकायचं, गाडीत बसण्याआधी. तुम्ही टाकलंत तर वहिनी कुरकुरतेय असा अर्थ निघेल. तुमच्याकडे गणपती भावकीत पाळीने असेल तर काम आणखी सोपं आहे. यंदा कोणाची पाळी, खर्च कसा वाटायचा, नैवेद्य कोणाकडे, हे सगळं ठरलेलं असतं आणि त्यात कोणाचा मान जात नाही. मे महिन्यालाही तीच पाळी लावा म्हणावं. दोन दिवस थोरल्यांकडे, दोन दिवस मधल्यांकडे, दोन दिवस धाकट्यांकडे, एक दिवस बाहेरून. ज्याचा दिवस त्याने बाजारही करायचा आणि भांडीही. पैशांची वर्गणी पहिल्याच दिवशी एका डब्यात. मोठा भाऊ म्हणून सगळा खर्च आपणच करायचा, असं तुमच्या यजमानांच्या मनात असेल तर तो त्यांचा प्रश्न, पण तो खर्च तुमच्या कष्टांतून भरून काढायचा नाही. धाकटी जाऊ तिच्या दिवशी मॅगी करेल का? करेलही. मुलं खूश होतील, सासूबाई दोन शब्द बोलतील, आणि त्या दिवशी तुम्ही सकाळी सहाला किनाऱ्यावर असाल.

सहाला म्हणजे रापण ओढत असतील तेव्हा. होडीतून जाळं अर्धवर्तुळात सोडलेलं असतं आणि दोन्ही टोकांनी माणसं ते वाळूवर खेचत असतात. तासभर काहीच दिसत नाही, मग शेवटच्या वीस हातांवर पाणी एकदम उसळायला लागतं. मुलांना घेऊन जा, त्यांना दोर धरू द्या. हातभार लावणाऱ्याच्या पिशवीत चार मासे टाकायची जुनी रीत आहे. मिळाले तर त्या दिवशीच्या बाजाराचा प्रश्न मिटला. सिंधुदुर्ग किल्ल्यावर जायचं असेल तर मात्र आठवड्याच्या सुरुवातीलाच जा. मेच्या अखेरीस समुद्र खवळायला लागला की होड्या बंद होतात.

गावी घर नसलेल्या, पण सासर-माहेर मिळून दापोली, अलिबाग किंवा गोव्याकडे निघालेल्या वाचकांना एकच सांगते. “स्वयंपाकघर वापरता येईल” असं वाचून मोठं घर भाड्याने घेताना ते कोण वापरणार, हे आगाऊ पैसे भरण्याआधी ठरवा. नाहीतर सुट्टी बाकीच्यांची आणि भांडी तुमची. हर्णैच्या बंदरावर लिलावात मासे घ्यायची मजा जरूर घ्या, पण ते करून कोण देणार हे आधी बघून ठेवा. काही खानावळी आणलेले मासे करून देतात, मजुरी आधी विचारायची.

परत येताना ताजे मासे ठाण्यापर्यंत आणायच्या भानगडीत पडू नका, गाडी उशिरा आली की बर्फ संपतो. त्याऐवजी मेच्या उन्हात वाळवलेले बांगडे आणि, सून तुमच्या घरी जेवायला येणार नसेल तर, सोडे घ्या. चांगला सुका मासा हाताला खडखडीत लागतो, दमट लागला तर तो पावसाळा काढणार नाही. आगळ आणि आमसुलंही नवी मिळतील. सुकी मासळी दोन पिशव्यांत बांधून वर घट्ट झाकणाचा डबा घ्या आणि डबा सीटखाली ढकला. एसी डब्यात वास सुटला तर समोरच्या प्रवाशाशी बोलायचं काम यजमानांकडे द्या.